कोपरापर्यंत हात

यंदाही जून नळातून आला. सकाळी तोंड धुवायला थंड पाण्याचा नळ सोडला आणि बोटांना चटका बसला. मस्कतला आभाळाकडे बघून ऋतू कळत नाही. ते बारा महिने घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं. पाण्याच्या टाक्या गच्चीवर उन्हात उभ्या असतात, त्यामुळे उन्हाळा लागला की थंड नळाला गरम पाणी येतं. मग आम्ही गिझर बंद करतो. बंद गिझर घरात, सावलीत. त्याच्या पोटात पाणी निवतं, आणि गरम नळ सोडला की थंड पाणी येतं. चार महिने असा उलटा कारभार चालतो. नव्याने आलेल्या माणसाला तो भाजल्याशिवाय कळत नाही.

मी गिझरचं बटण खाली केलं आणि मागचा उन्हाळा आठवला. आठवला म्हणणं खोटं आहे. विसरलेच नव्हते. बरणीच्या तोंडावर दादरा बांधून ठेवतात तसा वर्षभर जपून ठेवला होता.

मस्कतच्या बौशर भागात आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मी, मुलगा प्रकाश, सून स्मिता आणि नात अनन्या. आमच्या हॉलमध्ये काचेची माशांची टाकी होती. कायमचं भारतात परत जाणाऱ्या एका कुटुंबाने ती अनन्याला दिली होती. प्रकाशने रुवी बाजारातल्या दुकानातून नऊ मासे आणले आणि पाण्यातली रोपं आणली, जिवंत. दुकानदार केरळचा. मला म्हणाला, "अम्मा, फास्ट ग्रोइंग है, टेन्शन नहीं." पंधरा दिवसांत टाकीत मासे दिसेनासे झाले. प्रकाश कामावर, स्मिता कामावर, अनन्या मोबाइलवर. राहिले मी. बाह्या वर केल्या आणि हात घातला.

माझं अर्धं आयुष्य माणगावजवळच्या खेड्यात भाताची बेणणी करण्यात गेलं. चिखलात हात घालून कुठलं मूळ भाताचं आणि कुठलं तणाचं हे न बघता कळायचं. टाकीत फार वेगळं नव्हतं. रोपांची इंग्रजी नावं प्रकाशला ठाऊक. मी माझी ठेवली. बारीक पानांचं, मुळं नसलेलं, वर वर जाणारं ते शेपू. लांब सपाट पट्ट्यांची ती कांद्याची पात. लालसर देठाचा तो माठ. शेपू आठवड्याला वीतभर वाढतो. वर पोचला की पसरतो, खाली अंधार करतो, आणि त्या अंधारात माठ बुडापासून कुजतो. पात वाळूखालून धावते, आज इथे उपटली तर चार दिवसांनी तिथे डोकं काढते.

जमिनीवरच्या भाजीत आपण मूळ राखतो आणि शेंडा खुडतो. पाण्यात उलटं. शेंडा ठेवायचा, तोच पुन्हा वाळूत खोचायचा, आणि जुना बुडखा काढून टाकायचा. एकदम सगळं छाटायचं नाही, तिसरा हिस्साच. सगळं छाटलं की दोन दिवसांत पाणी हिरवं होतं, कारण माशांची घाण खायला कोणी उरत नाही. फार वाढू दिलं तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. रात्री रोपंही हवा घेतात आणि माशांना पुरत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. पहाटे उठून चहा घेत समोर बसलं की दिसतं. दिवा लागला की पानांतून बारीक बुडबुडे सुटायचे, तव्यावर जिरं उड्या मारावं तसे. छाटलेला पाला मी बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घालायची. तो कढीपत्ता पुरुषभर उंच झाला होता.

नीलिमा पहिल्या मजल्यावर. पुण्याची, चाळिशीची, नवरा मोठ्या हुद्द्यावर. मागच्या वर्षी जानेवारीत ते मस्कतला आले. एप्रिलमध्ये नवऱ्याने चार फुटांची टाकी घेतली, दुकानाचा माणूस येऊन सगळं लावून, पाणी भरून गेला. सहा एंजल मासे, पतंगासारखे चपटे, एकेकाचा तोरा बघण्यासारखा. रोपं आमच्याच जातीची. नीलिमाने ऑनलाइन लांब दांड्याचा चिमटा आणि वाकडी कात्री मागवली होती.

मला खाली बोलावून दाखवलं. "बघा आजी, पाण्यात हात घालावाच लागत नाही. तुम्ही तर अगदी भांडी घासल्यासारखा हात घालता!" आणि हसली. चिमट्याने शेपू धरायला गेली, तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तेव्हा मीही हसले. तेवढ्यावर ते मिटायला हरकत नव्हती.

जूनमध्ये इमारत रिकामी होते. शाळा बंद झाल्या की सगळे मुलाबाळांना घेऊन महिना-दीड महिना भारतात जातात, आणि मागे राहील त्याच्याकडे किल्ल्या ठेवून जातात. मागच्या वर्षी प्रकाश लांब दुक्मला, रिफायनरीच्या शटडाऊनच्या कामावर होता, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. रजा नाही, म्हणून आम्ही कुणीच गेलो नाही. नीलिमा किल्ली घेऊन आली.

"आजी, तुमच्याशिवाय कोण आहे? फक्त चिमूटभर खाणं टाकायचं. एसी मेनमधूनच बंद केलाय, तो लावू नका. टाकीचा प्लग तेवढा चालू आहे."

सव्वा महिना मी रोज सकाळी खाली जात होते. बंद घराचा वास असतो, उकळून निवलेल्या दुधाच्या पातेल्यासारखा. पडदे ओढलेले. सोफ्यावर चादरी. त्या अंधारात पंपाचा आवाज आणि टाकीचा हिरवा उजेड. दार उघडलं की घाम कानामागून सुटायचा. पहिल्याच दिवशी हात घातला आणि कळलं की पाणी जड झालंय, कोमट. अशा पाण्यात मासे टिकत नाहीत. एसी लावू नका म्हणाली होती, तर नाही लावला. घरी बाटल्यांत पाणी गोठवलं आणि रोज दोन बाटल्या नेऊन टाकीत तरंगत सोडल्या. संध्याकाळी पुन्हा दोन. गुडघे दुखायचे, म्हणून लिफ्ट. लिफ्ट बंद असली की जिना. शेपू उन्हाळ्यात दुप्पट वाढतो, दर तिसऱ्या दिवशी छाटला. खालच्या दुकानात रुतब यायला लागली होती, नुकताच पिकलेला, अर्धा पिवळा, अर्धा मऊ खजूर. येता-जाता चार तोंडात टाकायचे आणि त्या माशांशी बोलायचे. काय बोलायचे ते सांगण्यासारखं नाही. एकट्या बाईचं बोलणं.

जुलैच्या शेवटी ते परत आले. सहाच्या सहा मासे जिवंत, रोपं विंचरल्यासारखी. किल्ली हातात दिली. नीलिमाने बाकरवडीचं पाकीट दिलं. "थँक्यू हं आजी."

दुसऱ्या दिवशी चार वाजता बेल वाजली. नीलिमाच होती, डोळे लाल. "आजी, खाली या. बघा काय झालंय."

सहा मासे कुशीवर तरंगत होते. शेपू शिजवल्यासारखा लुळा. मी सवयीने हात घातला. पाणी गरम होतं. कोमट नाही, गरम. आणि माझं लक्ष जमिनीवर गेलं. स्वयंपाकघरातल्या वॉशिंग मशीनच्या नळाला हिरवा पाइप लावलेला, आणि तो हॉलपर्यंत आणून टाकीजवळ गुंडाळून ठेवलेला. तो नळ थेट गच्चीवरच्या टाकीचा. त्या पाण्याला कुणी हात लावत नाही, ते मशीनमध्ये जातं. जुलैच्या भर दुपारी अर्धी टाकी रिकामी करून तिने ते पाणी आत सोडलं होतं, ताजं पाणी म्हणून. हात न लावता.

मी तोंड उघडलं. "नीलिमा, हे पाणी..."

"आजी, प्लीज! आता पुन्हा हात घालू नका." माझ्या हाताकडे बघून म्हणाली. "त्यानेच झालंय."

मी तोंड मिटलं. हात पदराला पुसला आणि वर आले.

रात्री इमारतीतल्या बायकांच्या ग्रुपवर तिने मोठा निरोप टाकला, इंग्रजीत. स्मिताने वाचून फोन पालथा ठेवला. मी अनन्याला म्हटलं, तू सांग. ती अडखळत म्हणाली, "आजी, ती लिहिते की... तुझे हात क्लीन नव्हते. मसाला, ऑइल, सोप. म्हणून वॉटर पॉयझन झालं. आणि... फोर्थ स्टँडर्ड शिकलेल्या लेडीला टाकी बघायला दिली, ही तिची स्वतःची मिस्टेक."

"बरं," मी म्हटलं. "भात वाढ."

इथपर्यंतही मी सोसलं असतं. गुरुवारी प्रकाश दुक्महून आला. अंगावरची धूळ न झटकता म्हणाला, "आई, चल खाली." तिच्या दारात उभा राहिला, हात जोडले. "वहिनी, आईच्या वतीने मी सॉरी म्हणतो. तिला काय कळतंय त्यातलं." मी त्याच्या मागे उभी होते. नीलिमाने मान हलवली, मोठ्या मनाने माफ केल्यासारखी. वर आल्यावर प्रकाश मला म्हणाला, "आणि आपल्याही टाकीला आता हात लावू नकोस, आई. मी बघेन."

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्यात मिटलं असतं: वॉशिंग मशीनचा नळ सोड आणि हात धर. पण मी ठरवलं, नाही सांगायचं. ज्याला माझ्या हातापेक्षा चिमटा शहाणा वाटतो, त्याने चिमट्याला विचारावं.

लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. गिझरमधलं पाणी निवतं. राग कशाला निवेल? त्याला सावलीत ठेवलं तर जास्त टिकतो.

आमची टाकी प्रकाशने तीन आठवडे बघितली. म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा आला आणि बघितली. शेपूने वर छत धरलं. माठ कुजला. पातीने वाळू उचलली. पाण्याला वास यायला लागला. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन समोर बसायची, दोन्ही हात मांडीवर. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायचे. नवांतले पाच मेले. ते मी मारले, हात असून न घालून. मला त्याचं वाईट वाटलं का? वाटलं. तरी घातला नाही. शेवटी प्रकाशने उरलेले चार कुणाला तरी देऊन टाकले, टाकी कोरडी करून बाल्कनीत ठेवली. आता तिच्यात अनन्याच्या जुन्या चपला असतात.

एक गोष्ट मात्र केली, ती कुणाला माहीत नव्हती. नीलिमाचे मासे मेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने टाकीतली सगळी रोपं काळ्या पिशवीत भरून लिफ्टजवळ कचऱ्यात ठेवली होती. लुळी होती, पण मेली नव्हती. देठ दाबला की कळतं. ती पिशवी मी वर आणली आणि माझ्या बाथरूममध्ये, खिडकीखाली, बादलीत सोडली. प्रकाशने नंतर बंदी केली ती टाकीला हात लावायची, बादलीला नाही. आठ दिवसांत शेपूने मान वर केली. दिवाळीपर्यंत एका बादलीच्या तीन झाल्या. स्मिता एकदा म्हणाली, "आई, हे कशाला?" मी म्हटलं, "लागतील."

यंदा मे संपता संपता नीलिमाच्या नवऱ्याने पुन्हा मासे आणले. पुन्हा सहा एंजल. पुन्हा दुकानाच्या माणसाने आदल्या दिवशीच येऊन पाणी भरून दिलं. अनन्याने ही बातमी दिली तेव्हा मी लसूण सोलत होते. हात थांबला. वर्षाहून जास्त ती याच इमारतीत राहिली होती. आंघोळीला कुठला नळ सोडायचा हे तिला केव्हाच कळलं असणार. पण माशांना ते लावायचं तिला सुचलं नव्हतं, सुचणारही नव्हतं. गुन्हेगार सापडला होता ना. चोर सापडल्यावर कुलूप कोण तपासतो?

मग जून आला, नळातून. मी वाट बघत होते.

दोन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी नीलिमाने इमारतीतल्या बायकांना सकाळी पोह्यांना बोलावलं, सगळ्या सुट्टीवर पांगायच्या आधी. स्मिताला सांगितलं, "आईंना पण आण हं." मागच्या वर्षी तो निरोप वाचलेल्या सगळ्या होत्या. मला खुर्ची दिली, पोहे दिले. पोहे बरे होते, लिंबू कमी.

अकरा वाजता नीलिमा उठली. "एक मिनिट हं, फ्रायडे म्हणजे आमचा वॉटर चेंज. पहिलाच आहे, बघा तुम्ही पण. एकदम हायजिनिक, कुठेही हात नाही." मग माझ्याकडे न बघता, "आणि यंदा किल्लीबिल्ली कुणाला नाही. ऑटोमॅटिक फीडर आणलाय."

दोघी-तिघी हसल्या. एकीने माझ्याकडे बघून हसू गिळलं.

एका नळीने अर्धं पाणी तिने काढून टाकलं. मग हिरव्या पाइपचं एक टोक वॉशिंग मशीनच्या नळाला लावलं, दुसरं टाकीच्या काठावर अडकवलं. नळ सोडायला स्वयंपाकघरात गेली. पाइप लांब होता. पाणी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझ्याकडे होता.

खरं सांगते, तो वेळ फार गोड होता. वर्षभर ज्याची वाट बघितली ते दहा पावलांवर होतं. मला काहीच करायचं नव्हतं, पोहे खात बसायचं होतं. मासे काचेला येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, खाणं आलं.

मी उठले ते माशांसाठी नाही. बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं: हे मेले तर ती आणखी कुणाला तरी धरेल. कामवालीला, दुकानदाराला, फीडरला. माझ्या हातावरचा डाग तसाच राहील. मासे मेल्याने ती रडेल, पण तिला कळणार नाही. आणि जे कळत नाही त्याचा सूड काय उपयोगाचा?

मी पाइपचं टोक टाकीतून काढून शेजारच्या रिकाम्या बादलीत धरलं. पाइप हातात गरम व्हायला लागला होता.

"आजी! काय करताय?" नीलिमा धावत आली. "मी म्हटलं होतं ना, हात..."

"पाण्याखाली हात धर."

"कशाला?"

"धर, नीलिमा."

सगळ्या बघत होत्या, म्हणून तिने धरला. "आई गं!" हात झटकन मागे. बोटं लाल. बादलीतून वाफ येत नव्हती, पण तिच्या बोटांवरून सगळ्यांना समजलं. चुलीपुढे उभं राहणाऱ्या बायका होत्या.

"मागच्या वर्षी हेच पाणी होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी टाकीत हात घातला तेव्हाच मला कळलं होतं."

"मग... मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"तूच म्हणालीस, हात घालू नका."

ती खाली बसली. कुणीतरी जाऊन नळ बंद केला. मी सांगितलं ते एवढंच: पाणी बादल्यांत भरून रात्रभर एसीत ठेवायचं, मग हात घालून बघायचं, आणि मगच टाकीत. मग मी वर गेले आणि बाथरूममधून एक बादली घेऊन खाली आले. गुडघा दुखत होता, पण ती बादली मला कुणाकडे द्यायची नव्हती. शेपू, पात, माठ, काठोकाठ.

"ही घे. तुझीच आहेत. कचऱ्यातून काढली होती."

तिने बादली घेतली. डोळ्यांत पाणी होतं. बाकीच्यांना वाटलं असेल, म्हातारीने माफ केलं. स्मितालाही तसंच वाटलं, लिफ्टमध्ये म्हणाली, "आई, तुम्ही खूप मोठं मन दाखवलंत." एवढ्या रोपांची ती बादली म्हणजे काय, हे स्मिताला कुठून कळणार? ती चिमट्याने धरली जात नाहीत. आठवड्याला वीतभर वाढतात. छाटायची तर कोपरापर्यंत हात घालावा लागतो, दर शुक्रवारी, आणि न छाटली तर पहाटे मासे वर येतात. आता नीलिमा आयुष्यभर, निदान ती टाकी आहे तोवर, माझं काम करणार.

प्रकाश यंदाही दुक्मलाच, तिथून त्याचा फोन आला. स्मिताने त्याला सगळं सांगितलं होतं. मला म्हणाला, "आई, आपली टाकी पुन्हा लावू का?"

"लाव," मी म्हटलं. "पण आधी पहिल्या मजल्यावर चल. त्याच दारात उभा राहा, मी तशीच मागे उभी राहते. तिच्यासमोर माझ्याकडे तोंड करून म्हण, काय म्हणायचं ते."

"आई, एवढं काय..."

"मग चपला राहू देत टाकीत."

गुरुवारी येतोय. बघू.

आज सकाळी स्मिता मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. ग्रुपवर नीलिमाने टाकीचा फोटो टाकला होता. शेपू वर पोचून पसरलाय, मासे दिसत नाहीत. खाली लिहिलं होतं, या वेळी मराठीत, म्हणजे माझ्यासाठीच: "आजी, रोपं फारच वाढलीयेत. चिमट्याने निघत नाहीत. काय करू?"

"काय कळवू?" स्मिताने विचारलं.

मी कणीक मळत होते. हात पिठात होते.

"लिही," मी म्हटलं. "हात घाल."